एक्केचाळीस आणि चाळीस

हुसेन उस्तादांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या हातात चुकीचे गॅस्केट होते. अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. दापोलीच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन, चार नोकऱ्या करून मी दुबईत रास अल खोरच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये स्पेअर पार्टच्या काउंटरवर लागलो होतो. पहिल्याच दिवशी एका पिकअपसाठी मी इंजिनाच्या सांध्यात बसवायचा जो भाग दिला, तो दिसायला अगदी बरोबर होता. उस्तादांनी तो हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि मला विचारले, "खात्री आहे?"

मी म्हणालो, "बहुतेक."

ते रागावले नाहीत. खिशातून तेलकट चिंधी काढून त्यांनी त्या पिकअपच्या स्टिअरिंगला गाठ मारून बांधली. "ही चिंधी आहे तोवर गाडी दाराबाहेर जात नाही. मग मालक शेख असो की माझा व्याही. 'बहुतेक' संपलं की सोड."

तेव्हापासून आजपर्यंत वर्कशॉपमध्ये हाच नियम आहे. संगणक आले, गाडीला वायर जोडून दोष सांगणारी यंत्रे आली, पण शंका असली की स्टिअरिंगला चिंधी. पुष्कळ गिऱ्हाइके वैतागून ओरडतात, "यल्ला, हबीबी, काय चाललंय?" उस्ताद चहा मागवतात. चिंधी सुटत नाही.

उस्तादांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. इथल्या आपल्या कोकणी मंडळाने गौरवग्रंथ काढायचे ठरवले आणि मी रोजनिशी लिहितो हे सगळ्यांना माहीत असल्याने लेखाचे काम माझ्याकडे आले. मला वाटले होते, सोपे काम आहे. तसे ते निघाले नाही. का, ते पुढे येईलच.

आधी त्यांच्या स्वभावाविषयी. माझी गाडी एकदा शारजाच्या रस्त्यावर, ऐन गर्दीच्या वेळी बंद पडली. मागे मुलगी बसली होती, तिला परीक्षेला सोडायचे होते. मी उस्तादांना फोन केला. ते म्हणाले, "बोनेट उघड. फोन इंजिनाजवळ धर. आता चावी फिरव." पाच मिनिटे ऐकून त्यांनी एक वायर हलवायला सांगितली, गाडी सुरू झाली आणि मुलगी वेळेत पोहोचली. दोन तासांनी शाळेच्या फाटकाशी उस्ताद हजर. एवढ्या वाहतुकीतून रास अल खोरहून शारजाला आलेले.

"उस्ताद, गाडी चालू झाली की!"

"ऐकलं मी. पण कानानं ऐकलेली खात्री ती खात्री नव्हे. बोनेट उघड."

मुलगी परीक्षेहून बाहेर आली तेव्हा ते अजून वाकलेले होते. ती मला हळूच म्हणाली, "पप्पा, ही केम ऑल धिस वे जस्ट टु चेक?" मी हो म्हणालो.

आता त्या गोष्टीकडे येतो, जी आपल्या मंडळात सगळ्यांनी कधी ना कधी ऐकली आहे आणि जिच्यामुळे हा लेख तीनदा फाडून लिहावा लागला.

साठच्या दशकात उस्ताद विशीत होते. अमिरातींचा अजून एक देश झालेला नव्हता. दुबईच्या खाडीकाठी, देरा भागात, वाळूतच एक पत्र्याचे गॅरेज होते. तिथे हर्णैचे कासममामू मुख्य मिस्त्री आणि बुरोंडीचे हुसेन त्यांच्या हाताखाली. बाकी सहा-सात जण, सगळे आपल्याच किनाऱ्याचे. बंदराच्या कामावरचा एक इंग्रज इंजिनियर तिथे आपली गाडी दुरुस्तीला आणी. एकदा त्याने मोटार शर्यतींच्या मासिकांचा गठ्ठा दिला. १९६४ सालचा विश्वविजेतेपदाचा अख्खा हंगाम त्यात होता, दहा शर्यती. हंगाम केव्हाच संपलेला होता, पण गॅरेजमध्ये त्याचा निकाल कुणालाच माहीत नव्हता.

हुसेन मॅट्रिक झालेले, इंग्रजी वाचणारे ते एकटेच. त्यांनी पुढची पाने चोरून वाचू नयेत म्हणून मामूंनी गठ्ठा सुतळीने बांधून आपल्या पेटीत कुलपात ठेवला. मामूंना इंग्रजी येत नव्हते, म्हणून रखवालदार तेच. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज आणि सुरमईचे कालवण झाले की ते एक अंक बाहेर काढत. एक शुक्रवार, एक शर्यत. हुसेन वाचून मराठीत सांगत आणि नऊ, सहा, चार, तीन, दोन, एक असे गुण मामू स्वतः खडूने पत्र्याच्या भिंतीवर लिहीत. इंग्रजी नसले तरी आकडे मामूंना येत होते.

नावे जिभेवर बसत नव्हती, म्हणून तीन मुख्य शर्यतपटूंना यांनी आपली नावे दिली. एकाच्या ओठावर मिशी, तो मिशीवाला. एक आधी मोटारसायकलवर जग जिंकून आलेला, तो फटफटीवाला. तिसऱ्याच्या घरी मेंढ्या होत्या, तो मेंढरंवाला. मामू मिशीवाल्याचे. का, असे कुणी विचारले की म्हणत, "तो शर्यतीआधी स्वतः नटबोल्ट बघतो. फोटोत दिसतंय ना वाकलेला?"

शेवटच्या दोन अंकांत एक गोंधळ झाला. फटफटीवाल्याची गाडी वर्षभर लाल होती, ती अचानक निळी-पांढरी असल्याचे हुसेननी वाचले. गॅरेजमध्ये भांडण पेटले. गाडीच दुसरी आहे, गुण धरू नका, असे अर्ध्यांचे म्हणणे. मामूंनी निकाल दिला, "रंग दुसरा दिला म्हणून गाडी बदलत नाही. इंजिन तेच आहे ना? मग गुण धरा."

दहाव्या शुक्रवारी शेवटची शर्यत. मामू त्याच रविवारच्या बोटीने कायमचे हर्णैला चालले होते, पेटी भरून तयार होती. हुसेन वाचू लागले. मिशीवाल्याला मागून दुसऱ्या गाडीची धडक बसली आणि तो मागे पडला. मेंढरंवाला सगळ्यांच्या पुढे, विजेतेपद जवळजवळ हातात, आणि शेवटाला येऊन त्याच्या गाडीचे तेल गळून गेले. सगळे मिस्त्री 'अरेरे' म्हणून उठले, कारण तेल गळणे म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते. फटफटीवाल्याला त्याच्याच संघातल्या सोबत्याने पुढे जाऊ दिले आणि तो दुसरा आला. सहा गुण.

मामूंनी भिंतीवर सहा लिहिले, बेरीज केली आणि ओरडले, "मिशीवाला! एक्केचाळीस! फटफटी चाळीस! एका गुणानं जिंकला माझा पठ्ठ्या!"

मामूंना उचलून घेतले गेले. हुसेनच्या हातातल्या अंकात मात्र खालच्या ओळीत छापले होते की फटफटीवाला विश्वविजेता झाला आहे. एका गुणाने.

हुसेननी ती ओळ वाचून दाखवली नाही. इथपर्यंत सगळ्यांच्या सांगण्यात एकवाक्यता आहे.

शनिवारी इंग्रज गाडी न्यायला आला तेव्हा हुसेननी त्याला भिंत दाखवली. तो हसला. नियमाप्रमाणे खेळाडूच्या सर्वांत चांगल्या सहाच शर्यती मोजायच्या, बाकीचे गुण टाकून द्यायचे. मिशीवाल्याने सहापेक्षा जास्त शर्यतींत गुण मिळवले होते, त्यातले दोन गुण गळले आणि एकोणचाळीस उरले; फटफटीवाल्याचे चाळीस तसेच राहिले. हा नियम पहिल्याच अंकात बारीक अक्षरात होता. पण बारीक अक्षर गॅरेजमध्ये कुणी वाचतच नव्हते. शर्यत वाचायची होती.

रविवारी मामू खाडीच्या धक्क्यावरून होडीने बोटीकडे गेले. पुढच्या ईदच्या आत हर्णैला त्यांचे निधन झाले. शेवटपर्यंत ते गावात सांगत होते की मिशीवाला जगज्जेता आहे.

आता प्रश्न हा की त्या रविवारी काय झाले. माझ्या रोजनिशीत उस्तादांच्याच तोंडून ऐकलेल्या तीन नोंदी आहेत, वेगवेगळ्या वर्षांच्या. पहिलीत उस्ताद म्हणतात, "म्हाताऱ्याचा आनंद मोडवेना, मुद्दाम नाही सांगितलं." दुसरीत, "पळत गेलो, होडी सुटली होती." तिसरीत, "समोर उभा होतो, पण तोंडच उघडलं नाही." तिन्ही मी त्या त्या दिवशीच उतरवून ठेवल्या आहेत. म्हणजे चूक माझ्या लिहिण्यात नसावी. नसावी असे म्हणतो, कारण आता मला त्याचीही पूर्ण खात्री नाही.

आपल्या मंडळाचे अध्यक्ष अन्वर हे कासममामूंचे नातू. त्यांना पहिली नोंद हवी होती. निमंत्रणपत्रिकेवर तसे छापूनही झाले होते, 'गुरूच्या आनंदासाठी जगाचा निकाल बाजूला ठेवणारे उस्ताद'. मी तिन्ही नोंदी त्यांच्यापुढे ठेवल्या.

ते म्हणाले, "अहो, गौरवग्रंथ आहे की चार्जशीट? आजोबांना अंधारात ठेवलं असं मी छापू? त्यापेक्षा प्रेमानं ठेवलं असं छापतो."

मला तेही पटले. मग रात्री पटेनासे झाले. सकाळी पुन्हा थोडे पटले. शेवटी मी मोहम्मद बिन झायद सिटीत उस्तादांच्या मुलाच्या घरी गेलो. उस्तादांनी पत्रिका हातात घेतली आणि गॅस्केटसारखी उजेडाकडे धरली.

"डायरीवाल्या, हे कुणी लिहिलं?"

"समितीनं."

"असंच छापणार असाल तर मी स्टेजवर येत नाही. खलास."

"मग खरं काय ते सांगा, उस्ताद. तीन वेळा तीन गोष्टी सांगितल्यात."

त्यांनी पत्रिका गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "सांगताना तिन्ही वेळा मला खरंच वाटत होतं. धक्क्यावर गेलो होतो, एवढं नक्की. पाय ओले झाले होते, तेही नक्की. बोललो की नाही... रे, पन्नास वर्षं तेच फिरवून बघतोय. आता आठवण झिजून झिजून तिचा आटाच राहिला नाही. ज्या माणसानं मला शिकवलं की खात्री नाही तर चिंधी बांध, गाडी सोडू नको, त्यालाच मी खात्री न करता सोडलं. हे लिही."

"पण भिंतीवरची बेरीज चुकली नव्हती," मी म्हणालो. "एक्केचाळीस चाळीसपेक्षा जास्तच."

"हो ना! तिथंच तर माझं डोकं चालत नाही. मामू बरोबर, मासिकही बरोबर." मग त्यांनी पत्रिका माझ्या हातात परत दिली. "आणि तुमचा हा ग्रंथ? तोही तसलाच. माझ्या चांगल्या सहा शर्यती मोजणार, बाकीच्या टाकून देणार. मला तसला विजेता नाही व्हायचं. सगळ्या मोजा."

मी परत येऊन हे सगळे जसेच्या तसे अन्वरना वाचून दाखवले. ते ऐकत राहिले. पाय ओले झाल्याचे वाचले तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवले.

"अब्बा एक सांगायचे," ते म्हणाले. "आजोबा गावी बोलायचे म्हणे, की होडी सुटली तेव्हा हुसेन गुडघाभर पाण्यात उभा होता आणि हातातली चिंधी हलवत होता. सगळे रुमाल हलवतात, हा चिंधी हलवतोय, म्हणून आजोबा हसायचे."

मी विचारले, "चिंधीला गाठ होती का?"

"ते अब्बांनी नाही सांगितलं."

अब्बाही आता नाहीत. मिस्त्रीच्या हातात चिंधी असतेच, त्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळते. कदाचित हुसेन नुसता निरोप देत असतील. कदाचित मामूंनी त्यांना शिकवलेल्या एकमेव खुणेने ते ओरडून सांगत असतील की थांबा, गाडी सोडू नका, खात्री नाही. आणि मामूंना ती खूण कळली असेल, तर हर्णैला ते मिशीवाल्याचे नाव कुणासाठी घेत राहिले? मी यावर रोजनिशीची चार पाने लिहिली आणि चारही पाने प्रश्नचिन्हाने संपली.

अन्वरनी विचारले, "उस्तादांना हे ठाऊक आहे?"

"नसावं."

"मग लिहा. तुम्हाला जेवढं माहीत आहे तेवढंच लिहा. पत्रिका मी दुसरी छापतो."

वाचकहो, हे पान तुमच्या हातात आहे, त्या अर्थी नवी पत्रिका निघाली आणि उस्ताद स्टेजवर बसले आहेत. धक्क्यावरच्या चिंधीची गोष्ट त्यांना मी अजून सांगितलेली नाही. ती ते इथेच, या ओळींत पहिल्यांदा वाचतील. हे बरोबर केले की नाही, याचीही मला खात्री नाही. म्हणून या लेखाला मी एक गाठ मारून ठेवतो.

उस्ताद, आपल्याला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. गुडघे साथ देवोत, कान असेच तीक्ष्ण राहोत, आणि इन्शाल्ला पुढची पुष्कळ वर्षे आमच्या हातातले 'बहुतेक' आपण उजेडाकडे धरत राहा. आम्ही आपल्या सगळ्या शर्यती मोजू, हरलेल्या, अर्ध्यावर सुटलेल्या आणि ज्यांचा निकाल कुणालाच ठाऊक नाही त्यासुद्धा. आमच्या भिंतीवर आपले एक्केचाळीसच राहतील.