फुलावर घेतलेलं जहाज

आमच्या साडूभाऊंइतक्या आधी आजवर कुणी काहीही विकत घेतलेलं नाही, हे मी अख्ख्या वऱ्हाडाला आव्हान देऊन सांगतो. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला अमरावतीला, धंदा वरूडकडच्या संत्र्यांचा. आमच्या अकोल्यात उन्हानं डांबर पातळ होतं तेव्हा ते स्वेटर घ्यायला निघतात, आणि रेनकोट घेतात संक्रांतीला. भाच्यासाठी मुली बघायला सुरुवात झाली त्याच आठवड्यात त्यांनी त्याचा लग्नाचा सूट शिवून घेतला. मुलगी पसंत पडेपर्यंत भाचा त्या सुटात मावेना. रात्रीच्या जेवणाला बोलावलं, तर दुपारीच दारात हजर. बायको कोथिंबीर निवडत असते आणि हे समोर बसून म्हणतात, "चालू द्या तुमचं. मले काई घाई नाई."

ही खोड धंद्यातून आलेली. संत्र्याचा बगीचा ते झाडावर फूल असतानाच घेतात. मालकाला इसार द्यायचा, म्हणजे सौदा पक्का करणारी आगाऊ रक्कम. मग गारपीट होवो की फळगळ, बाग त्यांची. पिकल्यावर घेणाऱ्यापेक्षा त्यांना स्वस्त पडतं ते उगाच नाही, मधल्या दिवसांचा सगळा घोर त्यांच्या डोक्यावर असतो. एका वर्षी गारांनी शेंदूरजनाघाटची अख्खी बाग झोडपली. सगळे म्हणाले, सौदा मोडा. हे पडलेल्या फळांच्या चिखलात उभे राहून मालकाला म्हणाले, "इसार देला हाये दादा. मी मांगं फिरत नसतो."

माझ्या मेहुणीनं, म्हणजे ताईनं, समुद्र कधी पाहिला नव्हता. नेतो नेतो म्हणता मुलं मोठी होऊन परगावी गेली. शेवटी साडूभाऊंनी सिंगापूरहून निघणारं मोठं क्रूझ ठरवलं. बाल्कनीची खोली, नागपूरहून विमान, आणि बुकिंग अर्थातच जहाज सुटायच्या वर्षभर आधी. ट्रॅव्हलच्या ऑफिसातल्या मुलीला त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बाई, इसार किती?"

मी नेमका उलट्या मताचा. रिकाम्या राहिलेल्या खोल्या जहाजवाले शेवटी मातीमोल विकतात, असं माझं म्हणणं. आमची चांगलीच जुंपली. मी मोबाइलवर रोज भाव बघत बसायचो. एकदा लगेच सुटणाऱ्या एका जहाजावर खरंच स्वस्तात खोली दिसली. विजयी सुरात मी फोन लावला.

"खिडकी हाये काय तिले?" त्यांनी विचारलं.

खिडकी नव्हती.

"अन् विमानाचं भाडं?"

तेही बघितलं. खोलीत वाचलेलं सगळं विमानानं गिळलं होतं.

"मंग बसा तुमी तळघरात," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. वर महिनाभर भेटेल त्याला ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली.

दिवाळीनंतर ताईच्या छातीत गाठ निघाली, आणि हे सगळे विनोद जागच्या जागी थांबले. नागपूरला ऑपरेशन झालं. गाठ तपासायला गेली होती, रिपोर्ट येत नव्हता. फोन वाजला की घरातले सगळे तिकडे धावत. त्यातच तिकिटं रद्द करून बरेचसे पैसे परत मिळण्याची शेवटची तारीख आली. त्या दिवशी आम्ही अमरावतीला गेलो आणि माझ्या बायकोनं विषय काढला.

"भाऊजी, आजच्या आज रद्द करून टाका."

"काहून?"

"काहून म्हणजे? डॉक्टर हो म्हणून नाई राहिले ना!"

"नाई बी म्हणून नाई राहिले."

"पैसे डुबतीन सगळे!"

"डुबू द्या."

आतल्या खोलीत खाट करकरली. ताई जागी होती. माझा मात्र संताप झाला. उद्या औषधपाण्याला पैसा लागेल आणि हा माणूस जहाजाचा हट्ट सोडत नाही! मी ते तोंडावर बोललो. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून मला अंगणात घेऊन गेले. त्यांच्या खिशातला फोन वाजत होता. ट्रॅव्हलचं ऑफिस बंद व्हायची वेळ झाली होती.

"सकायी बी त्या पोरीचा फोन होता," ते हळू आवाजात म्हणाले. "बोलता बोलता पायलं, त तुमची ताई दारात उभी. मले म्हणे, रद्द करता काय? आता मी रद्द केलं त तिले काय समजन, सांगा बरं? यायनंच माही आस सोडली, असं समजन ना."

फोन वाजून वाजून थांबला. त्यांनी तो खिशातून काढलाच नाही. त्या माणसावर मी इतकं प्रेम त्यापूर्वी कधी केलं नव्हतं.

रिपोर्ट आला. ज्याची भीती होती तोच आजार निघाला, पण वेळेत सापडला होता. उपचार लांबणार होते आणि डॉक्टरांनी प्रवासाला साफ नकार दिला. पैसे गेले.

जहाज सुटायच्या दिवशी मी अकोल्याहून पडलेल्या चेहऱ्यानं त्यांच्याकडे गेलो. औषधांनी केस गेलेल्या डोक्याला रुमाल बांधून ताई ओसरीत संत्रं सोलत बसली होती. "या जावईबापू. जहाज गेलं आमचं," म्हणाली आणि हसली. तेवढ्यात साडूभाऊ आले, थेट ट्रॅव्हलच्या ऑफिसातून. पुन्हा बुकिंग करून! तेच क्रूझ, तशीच बाल्कनी.

"पा ना, परत इसार देऊन आले," ताई मला म्हणाली. "आता मले तोवर राहाच लागते."

मी उगाच विचारलं, "या वेळी किती वाचले, साडूभाऊ?"

"काईच नाई वाचलं. महाग पडलं." आपण आधी घेतलेली वस्तू महाग पडली, हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. त्यांनी ताईच्या हातातली एक फोड घेतली. "पण तारीख लय दूरची भेटली."

ती तारीख अजून यायची आहे. परवा अकोल्याच्या भर उन्हात मी दुकानात शिरलो आणि ताईला समुद्रावरच्या वाऱ्यात लागेल म्हणून एक शाल घेऊन ठेवली.