सेन्सरची किल्ली कुणाकडे होती

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे त्या महिन्यात मला भेटेल त्याने ऐकवलं. चिखलीतल्या आमच्या घरमालकीणबाई तर रोज संध्याकाळी दारात येऊन उभ्या राहायच्या. "मोठ्यांशी वैर घिऊन कुणाचं भलं झालंय व्हय? गप दुसरी कंपनी बघ." मी म्हणायचे, "मावशी, मला शहाणी समजूच नका." उजव्या हाताची दोन बोटं नसलेल्या बाईला कुठली कंपनी घेते, हे मात्र कुणी सांगत नव्हतं.

मी चाकणच्या एका लहान कंपनीत प्रेसवर होते. पत्रा ठेवायचा, मशीन दाबायचं, पार्ट काढायचा. एक दिवस पार्ट आत अडकला, तो काढायला मी हात घातला आणि प्रेस खाली आली. हात आत असेल तर मशीन थांबवणारा सेन्सर तिला होता. पण तो अधूनमधून उगाच मशीन थांबवायचा, टार्गेट मागे पडायचं, म्हणून कित्येक महिने बंदच ठेवला होता. हे आमच्या लाइनवर सगळ्यांना माहीत होतं.

दवाखान्यातून घरी आले, तोवर कंपनीची नोटीस येऊन पडली होती. सेन्सर ऑपरेटरने स्वतःच बंद केला, अपघात तिच्या निष्काळजीपणाने झाला, सबब भरपाई मिळणार नाही, आणि कामावरून का काढू नये याचा खुलासा करावा. चोराच्या उलट्या बोंबा! बोटांसाठी मी खूप रडले होते. ती नोटीस वाचली आणि रडणं थांबलं, अंगाचा तिळपापड झाला. बोटं गेली ती गेली, पण ती माझ्या चुकीने गेली असं कागदावर राहू द्यायचं नाही, एवढं मी त्याच दिवशी ठरवलं.

पहिला वकील नवऱ्याच्या मित्राच्या ओळखीचा होता. तो एरवी फ्लॅटचे करारनामे करायचा. फोनवर बोलता बोलताच त्याने मला हाताने खूण केली, बसा म्हणून. फोन ठेवून म्हणाला, "काम झालंच समजा, ताई." नोटीस वाचली नव्हती, माझ्या हाताकडे पाहिलंही नव्हतं. मी उठले. जिन्यात नवरा वैतागला. "असं कसं उठलीस? ओळखीचा माणूस होता की."

"ओळख तुमची, हात माझा," मी म्हटलं.

मग माझ्या शिफ्टमधल्या एका बाईने चिंचवडच्या वकीलबाईंचं नाव सांगितलं. तिच्या भावाची केस त्यांनी लढवली होती. जन्मभर कामगारांचीच कामं केलेली, वयस्कर बाई, बोलायला तिखट. मी फोन केला, तर त्यांनी कसलंच आश्वासन दिलं नाही. "असतील ते सगळे कागद आणा," म्हणाल्या, "आणि काय घडलं ते क्रमाने लिहून आणा." आश्वासन न देणारी बाई मला लगेच पटली.

आता लिहायचं कसं, हा प्रश्न. माझा हात अजून पट्टीत होता. पण माझा नवरा तळेगावच्या कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे, आणि आमच्या या पट्ट्यात काहीही बिघडलं की काय करतात हे सगळ्यांना पाठ असतं. चार्टपेपरवर माशाचा सांगाडा काढतात, एका काट्यावर माणूस, एकावर मशीन, एकावर पद्धत. मग पाच वेळा 'का' विचारायचं, की खरं कारण हाती लागतं. रविवारी दुपारी नवऱ्याने जमिनीवर चार्टपेपर अंथरला, पट्टी आणि स्केचपेन घेतले, आणि मला एकेक विचारत गेला. त्याचं अक्षर मोत्यासारखं आहे.

बोटं का गेली? हात डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात होता म्हणून. हात का होता? पार्ट हाताने काढला म्हणून. हाताने का? चिमटा वापरला नाही म्हणून. का नाही वापरला? घाई होती म्हणून. घाई का झाली? इथे मी जरा थांबले. नवऱ्यानेच सुचवलं, "लक्ष नव्हतं, असं लिहू का?" मी मान डोलावली. आमच्या कंपनीच्या बोर्डावर लागलेला असला प्रत्येक तक्ता तिथेच येऊन थांबायचा. सगळ्यात खाली त्याने चौकट आखून लाल अक्षरांत लिहिलं, 'मूळ कारण : ऑपरेटरचे दुर्लक्ष'. दोघांनाही वाटलं, काम कसं नीटनेटकं झालं.

वकीलबाईंचं ऑफिस स्टेशनजवळ, एका झेरॉक्सच्या दुकानावर. त्यांनी आधी माझा हात पाहिला, दुखतो का विचारलं, मग नोटीस दोनदा वाचली. नवऱ्याने अभिमानाने चार्टपेपर उलगडला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि चष्मा काढला.

"हे कंपनीने दिलंय का तुम्हाला?"

"नाही मॅडम, आम्हीच बनवलंय," नवरा म्हणाला.

"कंपनीच्या वकिलालाही इतकं सुंदर जमलं नसतं. त्याची अख्खी केस तुम्ही रंगीत पेनाने काढून आणलीत."

नवऱ्याचा चेहरा उतरला. मला त्याची दया आली आणि रागही आला, आणि त्याहून जास्त राग स्वतःचा आला. नोटीस वाचून मी आकांडतांडव केलं होतं, आणि घरात बसून तीच नोटीस आम्ही सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहिली होती. कुणी जबरदस्ती केली नव्हती. इतकी वर्षं बोर्डावर वाचून वाचून ते आमच्या अंगात मुरलं होतं.

"घडी घालून घरी न्या, आणि कुणाला दाखवू नका," बाई म्हणाल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "आता तुम्ही बोलायचं नाही. या बोलतील."

मी सुरुवात केली, "माझं लक्ष..."

"तुमचं राहू द्या. मशीनचं सांगा. सेन्सर बंद कशाने करतात?"

"किल्लीने."

"किल्ली कुणाकडे असते?"

"सुपरवायझरच्या कमरेला. ऑपरेटरला देत नाहीत."

"तुम्ही कधी मागितली?"

"सेन्सर चालू करा म्हणून सांगितलं होतं. मी एकटीने नाही, आम्ही तिघींनी. म्हणाले, मग टार्गेट तुम्ही द्याल का?"

"आणि चिमटा?"

"सगळ्या लाइनला एकच होता."

त्या लिहीत गेल्या. मध्येच थांबवून उलट विचारायच्या, तेही असं की घाम फुटावा. त्या तिघींपैकी कोण कोर्टात येईल? नोकरी जाईल या भीतीने फिरल्या तर? मी खरं तेच सांगितलं, की सांगता येत नाही. शेवटी पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "उद्या कंपनी म्हणाली, पैसे घ्या आणि चूक माझी होती असं लिहून द्या, तर?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. घरभाडं, पोरीची फी, सगळं त्या पाहण्यात होतं. मला काय ते दिसत नव्हतं?

"नाही देणार," मी म्हटलं. "पैसे लागतात मला, खोटं कशाला सांगू. पण ते वाक्य लिहून देणार नाही."

"वेळ लागेल. जिंकूच असं मी म्हणत नाही."

"लागू दे."

बाईंनी वकीलपत्र पुढे केलं. त्यांच्या कारकुनाने माझ्या हाताकडे बघून शाईचा पॅड सरकवला. "अंगठा चाललं की, ताई."

"मला सही येते," मी म्हटलं.

पेन अंगठा आणि करंगळीशेजारच्या बोटात धरला. तो निसटला, टेबलावरून घरंगळत गेला. नवऱ्याने उचलून हातात दिला आणि सवयीने म्हणाला, "हळू. लक्ष देऊन कर."

मी त्याच्याकडे वळले. कारकून, वकीलबाई, सगळे ऐकत होते, ऐकू देत म्हटलं.

"माझं लक्ष होतं," मी म्हटलं. "त्या दिवशीसुद्धा होतं."

कागद हलू नये म्हणून त्याने दोन्ही हातांनी तो धरून ठेवला, आणि मी माझं पूर्ण नाव लिहिलं.