घोसाळ्यासाठी मोडलेला करार

बाळांनो, मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, टीव्हीवर चादर का घातलीय?" आजोबा शेजारीच बसले होते, म्हणून मी उत्तर टाळलं. आता क्रमाने सांगते.

माझे वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले, तेव्हा आईने पदराच्या गाठीत घोसाळ्याच्या बिया बांधून आणल्या होत्या. शिवाजी नगरच्या क्वार्टरपासून पिपलानीच्या या घरापर्यंत आमचा एक नियम कधी मोडला नाही: दर वर्षी एक घोसाळं बियांसाठी वेलावरच वाळू द्यायचं. गेल्या वर्षी बियांच्या डबीत कीड शिरली. यंदा पेरलेल्यातून एकच रोप उगवलं. तो वेल गेला की आईचं बियाणं संपलं.

आणि तो वेल चढला नेमका गच्चीवरच्या टीव्हीच्या छत्रीवर. सप्टेंबरात छत्री पानांत बुडाली आणि ऐन क्रिकेटच्या दिवसांत पडद्यावर 'सिग्नल नाही' अशी पाटी येऊन बसली.

"पाच-सहा पानं छाटली तर काय बिघडेल?" आजोबा म्हणाले.

"त्या पानांच्या मधोमध बियांचं घोसाळं आहे."

"मग काढ आणि भाजी कर."

"कोवळ्या घोसाळ्यात बी धरत नाही. वाळेपर्यंत दिवाळी उलटेल."

"तोवर मी काय बघू?"

"वेल बघा."

त्यांनी कंपनीकडे तक्रार नोंदवली. मग दर आठवड्याला दुरुस्तीवाल्याचा फोन येऊ लागला: कात्री घेऊन कधी येऊ? दोनदा मी नाही म्हटलं. तिसऱ्यांदा विचार केला, की कनेक्शनच नसेल तर तक्रार नाही, आणि तक्रार नसेल तर कात्रीही नाही. करार माझ्याच नावावर होता. किमान मुदत एक वर्षाची होती आणि तीन महिने उरले होते. हातात पेन्सिल घेऊन मी इंग्रजीतली दहा पानं वाचली. मुदतीआधी मोडला तर उरलेल्या महिन्यांचे पैसे भरायचे, एवढंच. मी रीतसर अर्ज लिहिला आणि आम्ही दोघं महाराणा प्रताप नगरच्या कचेरीत गेलो.

खिडकीवरच्या मुलीने कारण विचारलं.

"गिलकी की बेल," मी म्हटलं. घोसाळ्याला इकडे गिलकी म्हणतात.

तिच्या संगणकात चारच कारणं होती: घर बदललं, दुसरी कंपनी घेतली, सेवा आवडली नाही, ग्राहक मयत. चौथं कारण आजोबांनी जरा जास्तच लक्ष देऊन वाचलं. मी तिसरं निवडलं; ते पूर्ण खरं नव्हतं, म्हणून अर्जाच्या समासात तसा खुलासा लिहिला. शिक्का बसला. मग ती म्हणाली, "आंटीजी, सात दिन में आदमी आकर छतरी ले जाएगा."

"हे कुठे लिहिलंय?"

"आखिरी पेज पर."

अकरावं पान! त्याच्यावर चारच ओळी होत्या आणि बाकी सगळं कोरं. असा कागद मी वाया घालवत नाही. त्याचे तुकडे करून इस्त्रीच्या कपड्यांच्या याद्या केल्या होत्या. घरी येऊन खण उपसला, तर छत्री परत नेण्याचं कलम 'चार शर्ट, दोन परकर' यांच्या पाठीवर सापडलं.

"आता टीव्हीही गेला आणि वेलही जाणार," आजोबा म्हणाले. "निदान बरोबरी झाली."

सहाव्या दिवशी कंपनीचा माणूस आला, पन्नाशीचा, हातात पाना आणि कात्री. आजोबा त्याला मोठ्या उत्साहाने गच्चीवर घेऊन गेले. मागून मी घोसाळ्याच्या भज्यांची ताटली घेऊन चढले. ती लाच नव्हती; चहाची वेळ झाली होती.

त्याने पानं बाजूला केली आणि त्याचा हात थांबला. बियांच्या घोसाळ्याच्या देठाला मी लाल चिंधी बांधली होती, चुकून कोणी तोडू नये म्हणून.

"माताजी, ये बीज का है?"

"हो."

"हमारी अम्मा भी चिंदी बाँधती थीं. फिर उसे कोई हाथ नहीं लगाता था."

कात्री पिशवीत गेली. तो कठड्यावर बसला, भजी खाल्ली आणि खिशातून फॉर्म काढला. छत्री का आणली नाही, याचं कारण त्यालाही लिहावं लागणार होतं. बराच विचार करून त्याने लिहिलं, 'घर पर ताला मिला', आणि फॉर्म माझ्यापुढे धरला. "यहाँ साइन कर दीजिए."

बाळांनो, खोटं बोलू नये यावर मी तुम्हाला किती ऐकवलंय, ते तुम्ही विसरला नसाल. मी ते वाक्य दोनदा वाचलं. घराला कुलूप, आणि त्याच्याखाली घरात असलेल्या बाईची सही. मी सही केली, खाली तारीखही घातली.

"बाहेर गेल्याची वेळही टाक," आजोबा म्हणाले, पण भजी त्यांनीही घेतली.

तो डिसेंबरात पुन्हा आला आणि छत्री घेऊन गेला. तोवर घोसाळं वाळून हलवलं की खुळखुळायला लागलं होतं. आता बिया दोन वेगवेगळ्या बरण्यांत आहेत. आजोबा क्रिकेट बघायला शेजारी जातात, आणि तिथे चहा चांगला मिळतो असं मला मुद्दाम सांगतात.

तुमच्या देशात पोस्टाने बियाणं पाठवता येत नाही. तो नियम मी वाचला आहे, शेवटच्या पानासकट. तेव्हा जूनमध्ये पेरायला तुम्हालाच यावं लागेल.