थॅलियमची शाल

भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर नानांनी मला निरोप दिला नाही, भाषण दिलं. आमचे वडील दारूगोळा कारखान्यातून चार्जमन म्हणून निवृत्त झाले होते आणि निरोप समारंभात हातात आलेला माईक त्यांनी मनातून कधी खाली ठेवलाच नव्हता. आई डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा दाबून बघत होती, धाकटा भाऊ विलास बॅगा बर्थखाली सारत होता, आणि नाना समोरच्या अनोळखी कुटुंबाला सांगत होते, "मुलगी देशाच्या सुरक्षेसाठी चालली आहे." त्या कुटुंबाने पुरीचा घास हातात तसाच धरून माझ्याकडे आदराने पाहिलं. मी एका खाजगी कंपनीतर्फे एका कंटेनर यार्डाच्या फाटकावरचं सॉफ्टवेअर चालवायला चालले होते. देशाला याची कल्पना नव्हती.

तुमच्यापैकी जे तिकडे राहिले ते अजून विचारतात की मी तिथे नक्की काय करत होते. आणि जे माझ्यासारखेच बाहेर पडले ते विचारत नाहीत, कारण त्यांनाही आपलं काम घरी समजावता आलेलं नाही. तर ऐका. चेन्नईबाहेर, इरुंगाट्टुकोट्टैच्या पुढे, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या पट्ट्यात ते यार्ड होतं. परदेशातून भंगार यायचं, ते वितळवून पुढे त्याचं काहीही व्हायचं. त्या भंगारात कधी एखाद्या मोडलेल्या हॉस्पिटलमधलं किरणोत्सर्गी द्रव्य लपून येतं. ते भट्टीत गेलं तर पुढे कोणाच्या कढईत उतरेल सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक ट्रक दोन पिवळ्या खांबांमधून हळू न्यायचा. खांबांत डिटेक्टर असतात. माझ्या केबिनमधल्या स्क्रीनवर एक रेघ सरकत राहते. ती ठरलेल्या मर्यादेच्या वर उसळली की लाल होते, भोंगा वाजतो आणि ड्रायव्हर माझ्याकडे मी त्याच्या आईला शिवी दिल्यासारखं बघतो.

बहुतेक वेळा काही नसायचंच. भोंगा टाइल्सना वाजायचा, खताला वाजायचा, ग्रॅनाइटला तर हमखास. खानदेशातली असल्यामुळे मला प्रत्येक जण केळ्यांबद्दल विचारायचा. केळ्यांत पोटॅशियम असतं, आणि तेही किंचित किरणोत्सर्गी म्हणे. केळ्यांना आमचा भोंगा कधी वाजला नाही. सगळ्या जगावर संशय घ्यायचा आणि तो फिटला की कपाळावर आठी न आणता पुढचा ट्रक सोडायचा, असं ते काम होतं. आमच्या आत्याने ते पगाराशिवाय आयुष्यभर केलं.

शहराने माझं स्वागत केलं असं म्हणण्याची पद्धत आहे. चेन्नईने मला सहन केलं, मीही तिला. अंबत्तूरला, औद्योगिक वसाहतीच्या मागे, एका तंजावरी मराठी बाईंकडे मी पैसे भरून राहत होते. त्यांचे पूर्वज पिढ्यांपूर्वी इकडे आले. त्यांची मराठी जुनी, तमिळ हेलाची, आणि त्यांच्या मते शुद्ध. माझी मराठी ऐकून त्या नाक मुरडायच्या. महाराष्ट्र त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण "आपल्या गावचं" म्हणून त्यावर हक्क सांगायच्या, आणि मी तिथून प्रत्यक्ष आले होते हे त्यांना थोडं उद्धटपणाचं वाटायचं. त्यांच्या सांबाराचा वास भिंतींना लागलेला होता. मला दुपारच्या डब्यात भरीत न्यायची बंदी होती. वास येतो म्हणून.

ऑफिसात वरदराजन सर होते. त्यांना काम होण्यापेक्षा कामाचं उद्घाटन होण्यात रस होता. आमची यंत्रणा कित्येक महिने चालू होती, आणि तरी तिचं उद्घाटन ठरलं. मी विचारलं, चालू गोष्टीचं उद्घाटन कसं करतात? सर त्यांच्या तमिळ लकबीत म्हणाले, "बंद करून, मा. आदल्या दिवशी बंद करायची, मग सुरू करायची." तर देशाच्या सुरक्षेसाठी फाटक एक दिवस बंद राहिलं. खांबांना केळीचे खुंट बांधले, चंदनाचे टिळे लावले, समोर कोलमची मोठी रांगोळी काढली, सनईसारखं नादस्वरम आलं. प्रमुख पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक असं ठरलं: सुरक्षारक्षक एळुमलै एका शिशाच्या डबीतून तपासणीचा सीझियमचा तुकडा घेऊन खांबांमधून चालेल, भोंगा वाजेल, मग दुसरा रक्षक हातातलं छोटं यंत्र त्याच्या अंगावरून फिरवेल. ते यंत्र द्रव्याचं नावच ओळखतं आणि माझ्या स्क्रीनवर पाठवतं. पाहुणे टाळ्या वाजवतील. टाळ्यांसाठी सरांनी अंबत्तूरच्या ऑफिसातून बसभर माणसं मागवली होती.

याच आठवड्यात नाना आले. पत्र नाही, बेत नाही; फोन करून म्हणाले, "समुद्र बघायचाय." ज्या माणसाने निवृत्तीनंतर शेगावपलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, त्याला एकाएकी समुद्र. स्टेशनच्या जिन्यावर ते दोनदा थांबले. मी काही म्हणायच्या आत म्हणाले, "तुमच्या हवेला वजन आहे." पुढे सगळ्यालाच काहीतरी होतं. कॉफी स्टीलच्या एवढ्याशा भांड्यात देतात म्हणजे पाहुण्याचा अपमान. रिक्षावाल्याला हिंदी समजत नाही. मग नाना तीच हिंदी मोठ्याने बोलायचे, जणू भाषा ही आवाजाची कमतरता आहे. समुद्रावर नेलं तर पाच मिनिटं बघून म्हणाले, "मोठा आहे." आणि वाळूत बसून राहिले. मला वाटलं, कंटाळले. मी मनात चिडले होते. रजा मिळत नव्हती आणि हे मरीनावर बसून तापीच्या पुराची आठवण सांगत होते.

उद्घाटनाचं ऐकताच मात्र त्यांचा चेहरा उजळला. "मी येणार." मी टाळायचा प्रयत्न केला. "नाना, सगळं तमिळ-इंग्रजीत असतं." ते म्हणाले, "समारंभाला भाषा लागत नाही." हे त्यांचं एक वाक्य मी आजही मान्य करते.

पाहुणे उशिरा आले, दिवे लागले, भाषणं झाली. मी केबिनमध्ये स्क्रीनसमोर. काचेतून सगळं दिसत होतं. नाना पहिल्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून. प्रमुख पाहुण्यांनी यंत्रणेचं कौतुक केलं, मग त्यांना सुचलं की आपण स्वतःच आधी या खांबांमधून जावं. गेले. भोंगा वाजला नाही; ते किंचित निराश दिसले. मग पहिल्या रांगेतल्या मान्यवरांनी त्यांच्यामागे जायचं ठरवलं, आणि मान्यवरांत नाना स्वतःहून सामील झाले.

नाना खांबांमध्ये आले आणि माझी रेघ उभी लाल झाली. भोंगा वाजला.

लोकांना वाटलं, हेच प्रात्यक्षिक. कडाडून टाळ्या. छोटं यंत्र धरलेल्या रक्षकालाही तसंच वाटलं. त्याने शिकवल्याप्रमाणे नानांना बाजूला घेतलं आणि यंत्र अंगावरून फिरवलं. छातीशी ते किरकिरलं. नाना ताठ उभे होते. मी स्क्रीनवर सीझियमची वाट बघत होते, कारण दुसरं काही येणं शक्य नव्हतं. आलं ते: थॅलियम. वर्ग: वैद्यकीय.

भंगारातून थॅलियम येत नाही. हृदयाकडे रक्त पोचतं की नाही हे बघायला ते माणसाच्या शिरेत टोचतात. नंतर काही दिवस तो माणूस आमच्या खांबांना ट्रकसारखा वाटतो. हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. शिकवणाऱ्याने विनोद म्हणून सांगितलं होतं.

बाहेर प्रमुख पाहुण्यांनी ताटातली एक जरीची शाल उचलून नानांच्या खांद्यावर घातली. सहकार्याबद्दल. फोटो निघाले. नाना वाकून नमस्कार करत होते. वरदराजन सर केबिनच्या दारात येऊन कुजबुजले, "एन्न मा, टायमिंग सुपर! पण माणूस कोण? एळुमलै कुठे?" एळुमलै डबी घेऊन मंडपामागे आपली पाळी कधी येते याची वाट बघत उभा होता. मग त्यालाही पाठवलं. भोंगा पुन्हा वाजला. त्याला टाळ्या कमी पडल्या, आणि शाल संपली होती.

जेवणाच्या मंडपात मी नानांना एका बाजूला बसवलं. ते शालीची घडी घालत होते.

"थॅलियम टेस्ट कुठे केली?"

"कसली टेस्ट?"

"नाना, तुमच्या छातीत थॅलियम आहे."

"तुझं यंत्र टाइल्सनाही वाजतं म्हणालीस."

"टाइल्समध्ये थॅलियम नसतं."

"असेल. चिनी असतील."

त्यांनी घडी मोडली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "नाशिकला केली. बायपास सांगितलंय. म्हटलं त्याआधी समुद्र बघून घ्यावा."

"समुद्र, की मला?"

"दोन्ही एकाच गावात आहेत," नाना म्हणाले. "तिकीट एकच लागतं."

मला रडू यायला हवं होतं. मला संताप आला. मला वाटलं, हा माणूस आईपासूनही लपवून इतका प्रवास करून आला आहे, आणि वाटेत काही झालं असतं तर आम्हाला कुठल्या तरी अनोळखी स्टेशनावरून फोन आला असता. मी तिथूनच, वाजंत्री चालू असताना, घरी फोन लावला. नाना "नको, नको" म्हणत माझा हात धरायला लागले.

"आई, नानांना बायपास सांगितलंय हे तुला माहीत आहे का?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग आई म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?"

तिला माहीत होतं. नाशिकला तीच सोबत गेली होती. विलासला माहीत होतं, तारीख त्यानेच ठरवली होती. शेजारच्या काकूंना माहीत होतं. दूधवाल्याला माहीत होतं, कारण आमच्याकडे म्हशीचं दूध बंद झालं होतं. गल्लीतल्या ज्या ज्या माणसाला नानांचं नाव माहीत होतं त्या प्रत्येकाला नानांचं हृदय माहीत होतं. मी सोडून.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू लांब. तिथे बसून काय करणार होतीस? उगाच जिवाला घोर. ऑपरेशन झालं की सांगणारच होतो."

"आणि झालं नसतं धड, तर?"

"असं अभद्र बोलू नये," आई म्हणाली. "जेवलात का?"

त्या दिवशी मी आईला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तिला पाठ आहे, तुम्हाला गरज नाही. सारांश असा की मला पाहुणीसारखं वागवायचं असेल तर मी पाहुणीसारखी येईन, दिवाळीला, फराळ घेऊन, आणि बाकी वर्षभर फोन नको. जे तिकडून बाहेर पडलेत त्यांना हे ठाऊक असेल. माणूस गाव सोडतो तेव्हा गाव त्याला एक बढती देतं: त्याला फक्त चांगल्या बातम्या मिळतात. बारसं, पास झालेली पोरं, नवीन फ्रिज. आजारपण संपल्यावर कळतं, भांडण मिटल्यावर कळतं, माणूस गेल्यावर कळतं. आपण ज्याला घरची माया म्हणतो ती निम्मी तरी सेन्सॉर केलेली असते. आणि माझं पोट तर एवढ्यावर चालत होतं, की बंद पेटीत काय दडलंय ते बाहेरून ओळखायचं.

नाना मात्र परतीच्या गाडीत बसेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. बसल्यावर म्हणाले, "शाल चांगली आहे, पण धुवायची कशी?" शाल धुतली तर थॅलियम जातं का असं त्यांना विचारायचं होतं, बहुतेक. मी सांगितलं, ते आपोआप जातं, वेळ लागतो.

नाशिकला ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी न सांगता पोचले. आई दारातच म्हणाली, "रजा कशाला घालवलीस?" विलासने तोंड फिरवलं. मी आल्यामुळे परिस्थिती गंभीर आहे असं नातेवाइकांना वाटेल, ही त्याची तक्रार. वाटलंच. दोन आत्या मला बघून रडल्या. पण सकाळी नानांना आत नेताना डॉक्टरांनी विचारलं, घरच्यांना सगळी कल्पना दिली आहे ना? नाना स्ट्रेचरवरून माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हिला द्यायची राहिली होती. हिने आपली आपण काढली." त्या आवाजात कौतुक नव्हतं. चोरी पकडली गेलेल्या माणसाची ती चिडचिड होती, आणि मला ती शालीपेक्षा बरी वाटली.

नाना वाचले. यार्डाची नोकरी मी पुढे सोडली. वरदराजन सर सगळीकडे असतात हे चेन्नईतच, सिरुसेरीच्या मोठ्या काचेच्या इमारतीत नव्या नोकरीवर आल्यावर कळलं. तंजावरी बाई अजून सणाला बोलावतात आणि माझी मराठी अजून बिघडलेलीच आहे असं सांगतात. तमिळ मला भांडण्यापुरती येते, म्हणजे पूर्ण येते. भुसावळला गेले की उन्हाने डोकं दुखतं आणि मी कॉफी मागते, आई दुखावते.

घर कुठलं, असं इथे सगळे विचारतात, आणि मी आता गावाचं नाव सांगत नाही. जिथली वाईट बातमी मला वेळेवर मिळते ते माझं घर. आईने माझं त्या फोनवरचं बोलणं मनावर घेतलं आहे, थोडं सूडानेच: दर रविवारी ती आधी वाईट सांगते. कोणाचं गुडघ्याचं पाणी काढलं, कोणाचा जावई कसा निघाला, गटार कुठे तुंबलं. मी ऐकते. कंटाळा येतो. फोन ठेवत नाही.

गेल्या रविवारी ती म्हणाली, "नाना न्हाणीघरात घसरले. मनगटाला प्लास्टर आहे. तुला सांगितलं हो, पण विलासला बोलू नकोस. तो आता लांब आहे."

विलास नोकरीसाठी पुण्याला गेला आहे. रात्री बसमध्ये बसला तर सकाळी चहाला घरी. मी आईला बरं म्हटलं, फोन ठेवला, आणि विलासला लावला.