बालाजीची चूक नव्हती

बालाजी गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं. वसमत रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात मी बँकेच्या कामासाठी प्रती काढत उभा होतो. दुकानदार पलीकडच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "फोनवाला बालाजी गेला म्हनं. जिंतूरच्या बसस्टँडवर, बसल्याजागी." त्या माणसाला बालाजी आठवेना. तेव्हा दुकानदारानं खूण सांगितली, "आरं तोच की, ज्याच्या चुकीनं त्या अँब्युलन्सवाल्यांचा फोन बिघडलता आन पेडगावकडली बाई मेली." "हां हां, तो व्हय," असं म्हणून तो माणूस आपल्या कामाला लागला. मी प्रती घेतल्या आणि बाहेर आलो. पाच वर्षं बोललो नव्हतो, त्या दिवशीही बोललो नाही... बालाजीला जाऊन आता दीड महिना झाला. गावात त्याच्यामागे जे एक वाक्य उरलं आहे ते खोटं आहे, आणि ते मी तयार केलेलं आहे.

मी परभणीतल्या एका धर्मादाय संस्थेच्या कार्यालयात व्यवस्थापक होतो. संस्थेच्या दोन रुग्णवाहिका होत्या. एक शहरात असे, दुसरी पेडगावच्या फाट्यावर उभी असे. सरकारी गाडी लांब गेलेली असली की आसपासच्या गावांतली माणसं आमचा नंबर लावत. जुना टेलिफोन एकच, तोही सतत गुंतलेला. म्हणून इंटरनेटवर चालणारी फोनची यंत्रणा बसवायचं ठरलं आणि ते काम मी बालाजीला मिळवून दिलं. राणीसावरगावचा, डिप्लोमा झालेला, तिशी ओलांडलेला माणूस. स्टेशन रोडला त्याचं छोटं दुकान होतं. बोलायला भीड नव्हती. पहिल्याच दिवशी माझ्या टेबलाखालचा वायरींचा गुंता बघून म्हणाला, "काका, हे कार्यालय हाय का सुगरणीचा खोपा?" आम्ही सगळे हसलो. दोन दिवस जमिनीवर मांडी घालून बसून त्यानं तो खोपा सोडवला.

भिंतीतल्या कपाटात त्यानं सर्व्हर ठेवला. सर्व्हर म्हणजे जेवणाच्या डब्याएवढा, पडदा नसलेला एक काळा संगणक. त्याच्या शेजारी राऊटर, आणि राऊटरमधून बाहेर जाणारी इंटरनेटची वायर. काही बिघडलं की बालाजी नेहमी एकाच क्रमानं तपासायचा. आधी लाइट, मग वायर, मग राऊटर, मग सर्व्हर, आणि शेवटी स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावून दोन्हीकडून बोलून बघायचा. मला म्हणायचा, "घंटी वाजली म्हंजी फोन चालू हाय असं समजू नका, काका. घंटीचा रस्ता येगळा, आवाजाचा रस्ता येगळा." मला कळावं म्हणून त्यानं पोस्टाचं उदाहरण दिलं होतं. कार्यालयाला इंटरनेटवर एक पत्ता मिळतो. राऊटर बंद करून पुन्हा चालू केला की कंपनी नवा पत्ता देते, पण सर्व्हर समोरच्याला जुनाच पत्ता सांगत राहतो. मग घंटी वाजते, आपला आवाज तिकडे पोहोचतो, पण तिकडचा आवाज जुन्या पत्त्यावर निघून जातो. आपल्याला काहीच ऐकू येत नाही. कायमचा पत्ता मिळावा म्हणून त्यानं एक अर्ज लिहून माझ्याकडे दिला. त्यावर फक्त संस्थेची सही आणि शिक्का हवा होता. तो अर्ज माझ्या खणात पडून राहिला. तोवर काळजी म्हणून त्यानं कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवला. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: राऊटर बंद करू नये. केल्यास मला लगेच सांगावे. खाली त्याचा नंबर.

आमच्या घरी खंडेनवमीला औजारं पुसून, मांडून पूजा करण्याची पद्धत. त्या दिवशी औजाराला कामाला लावायचं नाही, असं वडील सांगत. चालत्या यंत्राला हळदकुंकू वाहणं मला कधी पटलं नाही. त्या वर्षी खंडेनवमीला सकाळी ड्रायव्हर लोकांनी गाड्यांची पूजा केली. मी आत आलो, कपाट उघडलं, सर्व्हर आणि राऊटर दोन्ही बंद केले, फडक्यानं पुसले, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, आरती म्हटली आणि पुन्हा चालू केले. दहा मिनिटंही लागली नसतील. कागद डोळ्यांसमोर होता. मी तो वाचलासुद्धा. सणाच्या दिवशी त्याला कशाला त्रास, दिवे तर हिरवे लागलेत... असा विचार केला आणि कपाट लावून घेतलं.

फोनवर बसणाऱ्या मुलीला मी सणाची सुट्टी दिली होती, म्हणून फोनवर मीच होतो. दुपारी घंटी वाजली. "हॅलो, बोला." पलीकडून काही नाही. "हॅलो, हॅलो... अहो, बोला की." काही नाही. मी ठेवून दिला. मिनिटभरात पुन्हा वाजला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी वैतागून म्हणालो, "सणासुदीला तरी चाळे बंद करा रे," आणि रिसीव्हर काढून बाजूला ठेवला. घरून डबा आला होता. तो उघडून जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, आठ-दहा माणसं कार्यालयात आली. पुढे असलेल्या माणसाच्या बायकोला सोयाबीन गोळा करताना साप चावला होता. आमच्या गाडीची वाट बघून शेवटी तिला मोटारसायकलवर मधे धरून परभणीला आणलं. दवाखान्याच्या दारात पोहोचेपर्यंत ती गेली होती. तो माणूस हातातला मोबाइल दाखवत संस्थेच्या सचिवांना सांगत होता, "तीन बार लावला मी. ह्यांचा माणूस हॅलो हॅलो करायलता. मी वरडून सांगायलतो, साप चावलाय, गाडी पाठवा. तर म्हनला, चाळे बंद करा. बायको माझ्या मांडीवर, आन ह्यो म्हनतोय चाळे..." फाट्यावरची गाडी तिच्या शेतापासून पंधरा मिनिटांवर उभी होती. सचिव त्याची समजूत घालत होते. मी कोपऱ्यात उभा होतो आणि तोंड उघडत नव्हतो. तो माझा आवाज ओळखेल, या भीतीनं.

ती माणसं गेल्यावर बालाजीला बोलावलं. तो आला तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशात आपट्याची पानं होती. कार्यालयातून मग माझ्या घरी सोनं द्यायला यायचं त्यानं ठरवलेलं असणार. त्यानं कपाट उघडलं. हार अजून तसाच होता. तो काही क्षण हाराकडे बघत राहिला, मग लॅपटॉप जोडून खाली बसला. पाच मिनिटांत त्याला सापडलं.

"काका, राऊटर बंद केलता का?"

"नाही रे."

त्यानं पडदा माझ्याकडे फिरवला. राऊटर किती वेळ सलग चालू आहे ते तिथं दिसत होतं. आदल्या सकाळपासून. "त्याच्या आधी बंद झालता, बगा."

"लाइट गेली असेल."

"इन्व्हर्टर हाय ना, काका..." तो हळू आवाजात म्हणाला. मग त्यानं नवा पत्ता घातला, मोबाइलवरून फोन लावला, मला घ्यायला सांगितला. दोन्हीकडून आवाज येत होता. पानं न देताच तो गेला.

त्याच दिवशी सगळे गेल्यावर मी कपाटाच्या दारावरचा तो कागद नखानं सोलून काढला, घडी करून खिशात घातला आणि घरी चुलीत टाकला. चार दिवसांनी कार्यालयातच संस्थेची बैठक झाली, बालाजीलाही बोलावलं होतं. सचिवांनी मला विचारलं, राऊटर बंद झाला तर काय करायचं हे तुम्हाला सांगितलेलं होतं का? मी म्हणालो, "आम्हाला कोणी काही सांगितलं नव्हतं. असलं काही होऊ शकतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं." बालाजीनं कपाटाच्या उघड्या दाराकडे बघितलं. तिथं डिंकाचे डाग होते. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. तो म्हणाला, "मग माझंच चुकलं आसंल."

तो का बोलला नाही, मला आजही माहीत नाही. मी त्याला पहिलं मोठं काम दिलं होतं म्हणून? मला काका म्हणायचा म्हणून? की माझ्यासारख्या पांढऱ्या केसांच्या माणसापुढे आपलं कोण खरं मानणार, असं त्याला वाटलं?... काही असो. मी दोन वर्षांनी नारळ-शाल घेऊन निवृत्त झालो. बालाजीचं आधी संस्थेतलं काम गेलं, मग बाकीची एकेक करून गेली. दवाखाने, शाळा, वकिलांची कार्यालयं, सगळीकडे तेच वाक्य त्याच्या आधी पोहोचलेलं असायचं. दुकान बंद करून तो जिंतूरला एकाच्या हाताखाली कॅमेरे बसवायला जाऊ लागला. रोज एसटीनं. एकदा स्टँडवर समोरासमोर आलो. "बरं हाय ना, काका?" एवढं म्हणाला आणि गाडी लागली म्हणून धावला.

तो वारल्यावर मी आधी सचिवांकडे गेलो. सगळं ऐकून ते म्हणाले, "आता कशाला उकरून काढता? गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?" मग पेडगावच्या बाजूला त्या बाईच्या नवऱ्याच्या घरी गेलो. दारात उभं राहून मी फक्त "नमस्कार" म्हणालो, आणि तो बाजेवरून उठून उभा राहिला. आवाजावरून ओळखलं त्यानं. माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "त्या फोनवाल्याला मी चारचौघांत शिव्या दिल्या, मालक. आता मी काय करू?"

शेवटी बालाजीच्या घरी गेलो. त्याची बायको संगीता शिलाईयंत्रावर बसली होती. तिनं यंत्र थांबवलं. मी सांगत गेलो, ती हातातल्या कापडाची शिवण बोटानं चाचपत राहिली.

"त्यास्नी ठावं होतं का, तुमी केलं म्हनून?"

"हो. पहिल्याच दिवशी."

"मंग मला का न्हाई सांगितलं?" तिनं कापड मांडीवर ठेवलं. "भांडण झालं की मी म्हनायचे, तुमच्या हातून एका बाईचा जीव गेलाय, जरा ध्यानात ठेवा. पाच वरसं म्हनायले मी, काका. त्यांनी एकदा बी उलटून सांगितलं न्हाई."

मी उंबऱ्यावरच बसलो. मग तीच बोलू लागली. "आन एक खूळ लागलं होतं त्यास्नी. लाइट जाऊन आली की हातातलं काम टाकायचे. ताटावर आसले तर ताटावरून उठायचे. मोबाइल घ्यायचे आन तुमच्या हापिसात फोन लावायचे. तिकडून पोरगी बोलली की म्हनायचे, ऐकू येतंय का? ती हो म्हनली की ठेवून द्यायचे. मी म्हनायचे, त्यांनी हाकलून दिलं ना तुमाला, मंग तुमाला काय पडलंय? तर म्हनायचे, बघितल्याबिगर घास जात न्हाई."

संगीतानं मला बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. थोड्या वेळानं यंत्र पुन्हा सुरू झालं. मी उठलो.

परवा दुपारी आमच्या भागातली लाइट गेली आणि तासाभरानं आली. पंखा फिरू लागला. मी मोबाइल घेतला आणि कार्यालयाचा नंबर लावला.

"नमस्कार, बोला."

"ऐकू येतंय का?"

"हो, येतंय की," माझ्यानंतर लागलेली मुलगी म्हणाली. मग जरा थांबली. "तुमीच ना ते, लाइट आली की नेहमी विचारणारे? आज आवाज येगळा वाटायलाय."

"ते गेले," मी म्हणालो, आणि तिला माझं नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.