रोबोंचं दार

दसऱ्याच्या बाहुल्यांची पेटी उघडली की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि माझं डोकं पुन्हा तापतं. बसवनगुडीतल्या आमच्या घरी नवरात्राचे नऊ दिवस पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या मांडतात. मी दहा वर्षांची असताना सगळ्यांत खालच्या पायरीवर माझे दोन पत्र्याचे रोबो आणि बुटांच्या खोक्याला चंदेरी कागद चिकटवून केलेलं एक दार ठेवलं होतं. माझ्या कॉमिक्समधले रोबो असल्याच दारातून आत शिरून क्षणात दुसऱ्या ग्रहावर बाहेर पडायचे. दाराचा नियम एकच: आत फक्त यंत्रांनी जायचं, माणूस गेला तर तो कुठेच बाहेर पडत नाही. शाळेतून येऊन बघते तर शेजारच्या अक्कांनी रोबो बाजूला सारून, दारावर शेवंतीची माळ सोडून, आत चक्क लाकडी राजाराणी बसवले होते! "स्वल्प मखरासारखं दिसतंय ना?" त्या आपल्या कानडी वळणाच्या मराठीत कौतुकानं म्हणाल्या. मी ओरडले, "अक्का, काढा त्यांना! ते मखर नाही, ती माणसं परत येणार नाहीत!" हळदीकुंकवाला आलेल्या बायका उसळ खाता खाता खो खो हसल्या, आईनं सगळ्यांसमोर मला अक्कांची माफी मागायला लावली आणि राजाराणी नऊ दिवस तिथंच राहिले. माफी कसली? ज्यांना नियम ठाऊक नाही त्यांनी दाराला हात लावावाच कशाला? आता पायऱ्या मी मांडते, खाली अजून तेच दार असतं, त्याचा चंदेरी कागदही पिवळा पडलाय. बायका येतात, मखर छान आहे म्हणतात, मी हसते. त्या गेल्या की मात्र वाकून बघते, आत कुणी माणूस तर ठेवला नाही ना.