कौतिकाचा लाँग शॉट

पोरीचा, सुनंदाचा फोन आला तेव्हा मी एकोडीच्या रस्त्यावर एका बोर्डाखाली उभा होतो. वर गडी फ्लेक्स ताणत होता. "बाबा, आई गेली जी..." तेवढ्यात गड्यानं वरून विचारलं, "भाऊ, कोपरा सरळ आला का?" मी म्हटलं, हो. आला नव्हता. इतक्या वर्षांत माझ्या हातून वाकडा लागलेला तो एकच फ्लेक्स.

पण हे रडगाणं म्हणून लिहीत नाही. माझ्या बायकोइतका बोर्ड आमच्या भागात कोणाला कळला नाही, हे लोकांना माहीत असावं, म्हणून लिहितो.

मी चौथी शिकलेला माणूस. आधी भिंतींवर रंगानं जाहिराती काढायचो. अक्षर वाचायचो कमी, काढायचो जास्त. फ्लेक्स आले आणि माझा ब्रश बसला. मग छापलेल्या जाहिराती चढवायचं काम धरलं. नागपूरच्या एजन्सीचे साहेब फोनवर जे शब्द बोलायचे ते माझ्या डोक्यावरून जायचे, तरी मी "हो साहेब" म्हणायचो. एकदा बॅकलिट बोर्डावर, म्हणजे ज्याच्या आत दिवे असतात त्या बोर्डावर, मी साधा जाड फ्लेक्स ताणला. उजेड आरपार यायला वेगळा कपडा लागतो हे मला काय ठाऊक? संध्याकाळी दुकानदारानं चार माणसं बोलावून बटण दाबलं आणि बोर्ड काळाठिक्कर. त्या दिवशी स्वतः आलेले साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "अंगठाछाप आहेस तं असे काम घेतो कायले?" कौतिका, माझी बायको, तिथंच होती. घरी आल्यावर म्हणाली, "समजत नाही तं विचारत काहून नाही जी? नुसतं हो-हो करता!"

दुसऱ्या दिवसापासून ती भाकर बांधून भंडाऱ्याला फ्लेक्स छापणाऱ्याच्या दुकानात जाऊन बसू लागली. सातवी शिकलेली बाई. आठवडाभर विचारून विचारून तिनं त्या माणसाला हैराण केलं, आणि धंद्यातले सगळे शब्द घेऊन आली. वर त्यांना आपली नावं दिली. एका खांबावर उभा असतो तो युनिपोल म्हणजे तळ्यातला बगळा. रस्त्यावरून आडवी जाते ती गॅन्ट्री म्हणजे तोरण. बाहेरून दिवे मारलेला फ्रंटलिट तो मिरवणारा, आतून उजळणारा बॅकलिट तो लाजरा. मग फोन तीच घेऊ लागली. "साहेब, साइट समजली, पण फेस कोणता? कारध्याकडून येणाऱ्याले दिसते तो, का भंडाऱ्याकडून?" पुढं पुढं तेच साहेब म्हणायचे, "भाऊ, फोन कौतिकाबाईंना द्या." मला कधी कमीपणा वाटला नाही. बाजूला बसून तंबाखू मळत ऐकायचो आणि छाती फुगायची.

फ्लेक्स चढला की पुराव्याचे फोटो पाठवावे लागतात. एक जवळून आणि एक लांबून, तो लाँग शॉट. खाली माणूस उभा करायचा, त्याच्या हातात त्या दिवसाचा पेपर. तो माणूस म्हणजे कौतिका, आणि मोबाईल माझ्याकडे. "मागं सरा ना जी! अजून मागं! मले कायले घेता, बोर्ड घ्या!" मी म्हणायचो, "नालीत पडतो ना मी!" ती म्हणायची, "पडा, पर बोर्ड पुरा आला पायजे."

गावात कोणी गेलं की श्रद्धांजलीचा फ्लेक्स मीच लावत आलो. आता तिचा लावायचा तर फोटोच नाही. सुनंदानं आधार कार्डावरचा काढला. त्यात कौतिका चोरी पकडल्यासारखी दिसते. मी म्हटलं, "हे माझी बायको नव्हे." लाँग शॉट मात्र ढीगभर. सगळ्यांत ती, अंगठ्याएवढी. भंडाऱ्याच्या त्याच छापणाऱ्यानं एक मोठा करून दाखवला, तर चेहऱ्याचे नुसते चौकोन. "काका, फोटो फुटून राहिला. लोक हासतीन. आधारचाच घ्या."

मी सवयीनं "हो" म्हणणारच होतो... पण तिनं शिकवलेलं आठवलं. लांबून पाहायचा फ्लेक्स जवळून तपासायचा नाही. मी विचारलं, "लोक कुठून पाहतीन? कारध्याच्या पुलावरून ना? तेवढ्या लांबून जुडते का नाही चेहरा?"

त्यानं खुर्ची मागं सरकवून लांबून पाहिलं. म्हणाला, "जुडते. हे तुमाले कोणं सांगतलं?"

"जिचा फोटो आहे तिनं. तुह्याच दुकानात बसून शिकली ते."

कारध्याच्या पुलाजवळ आमची स्वतःची एक साइट आहे. तिथं गड्याला घेऊन मी तो चढवला, चारही कोपरे सरळ. खाली उभं राहून पाहिलं तर खरंच काही कळेना, सुपात सांडल्यासारखे रंगाचे दाणे. मग मागं सरकत गेलो, पार पुलाच्या कठड्यापर्यंत. तिथं ती जुळली. छातीशी पेपर, कपाळावर आठी, तोंड ओरडायच्या बेतात.

महिना होत आला. त्या फेसला दोनदा मागणी आली. मी सांगितलं, रिकामा नाही. रोज सकाळी तिथं जातो. बोर्डाखाली थांबत नाही. मागं सरतो, अजून मागं, बोर्ड पुरा येईपर्यंत.